पायातील नीला सूक्ष्मदर्शकाखाली रोहिणीसारखी का दिसते?

नवशिकी यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात आमची ऊतकविज्ञानाची स्पॉटिंगची चाचणी झाली. एका सूक्ष्मदर्शकाखाली गोल पोकळीची, जाड भिंतीची एक वाहिनी लावलेली होती. मधल्या थरात गुलाबी रंगाचा स्नायू भरपूर दिसत होता, म्हणून मी फारसा विचार न करता 'स्नायुमय रोहिणी' असे लिहिले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. उत्तर चुकले. ती घोट्यापासून जांघेपर्यंत त्वचेखालून जाणारी मोठी सॅफेनस नीला होती.

रोहिणीची भिंत जाड आणि पोकळी लहान असते, नीलेची भिंत पातळ आणि पोकळी मोठी व चपटलेली असते, असे आम्हाला शिकवले आहे आणि मी ते पाठही केले आहे. मग या नीलेची भिंत इतकी जाड का? आणि हा नियम जर फसवत असेल, तर काचपट्टी पाहताना नेमके कशाकडे लक्ष द्यावे?

याच चाचणीत दुसरी चूक हृदयाच्या काचपट्टीत झाली. पुर्किंजे तंतू, म्हणजे हृदयात विद्युत्संदेश वाहून नेणारे तंतू, दाखवायला सांगितले होते. हृदयाच्या आतल्या अस्तराखाली फिकट, मोठ्या पेशींचा एक पट्टा मला दिसला होता, परंतु ती चरबी असावी असे समजून मी तो सोडून दिला. नंतर कळले की तेच पुर्किंजे तंतू होते. हे दोन्ही फरक मला मुळापासून समजून घ्यायचे आहेत. (शाळेच्या पुस्तकात आम्हाला धमनी आणि शिरा हे शब्द होते, पण येथे बहुतेक जण रोहिणी आणि नीला लिहितात, म्हणून मीही तेच लिहीत आहे.)

काचपट्टी यांचे उत्तर

मी अनेक वर्षे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवला आहे आणि सॅफेनस नीलेची काचपट्टी दरवर्षी कोणाला ना कोणाला चकवतेच. तुम्ही पाठ केलेला नियम खोटा नाही, परंतु तो परिणाम सांगतो, कारण सांगत नाही. वाहिनीची भिंत तिच्या नावाप्रमाणे घडत नाही, ती तिला सोसाव्या लागणाऱ्या ताणाप्रमाणे घडते. हा ताण दोन गोष्टींवर अवलंबून असतो: आतल्या रक्ताचा दाब आणि वाहिनीची त्रिज्या. दाब वाढला की ताण वाढतो, आणि दाब तोच राहून वाहिनी रुंद झाली तरी ताण वाढतो.

एवढे लक्षात ठेवले की बऱ्याच विसंगती सुटतात. केशवाहिनीची भिंत म्हणजे एंडोथेलियमच्या चपट्या पेशींचा एकच थर, त्याखालचे तळपटल आणि अधूनमधून चिकटलेल्या पेरिसाइट पेशी, बस्स. तरीही तिच्या रोहिणीकडील टोकाला सुमारे ३५ मिलिमीटर पारा इतका दाब ती सहज सोसते, कारण तिचा व्यास जेमतेम ५ ते १० मायक्रोमीटर असतो. तांबडी रक्तपेशी साधारण साडेसात मायक्रोमीटरची असते, त्यामुळे बारीक केशवाहिनीतून जाताना ती दुमडून, एकेकटीने पुढे सरकते. याउलट महारोहिणीत दाबही मोठा आणि त्रिज्याही मोठी, म्हणून तिची भिंत सर्वांत भक्कम.

आता सॅफेनस नीलेकडे या. माणूस आडवा असताना तिच्यातला दाब नगण्य असतो. पण तोच माणूस न हलता उभा राहिला, तर हृदयापासून घोट्यापर्यंत रक्ताचा जो अखंड स्तंभ उभा राहतो, त्याच्या वजनाने घोट्याजवळच्या नीलेतील दाब सुमारे ९० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत चढतो. हृदयाच्या पातळीवरील रोहिण्यांमधल्या सरासरी दाबाइतकाच हा दाब झाला. चालू लागल्यावर पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि हा दाब बराच उतरतो. खोलवरच्या नीलांना आजूबाजूच्या स्नायूंचा आणि त्यांच्या घट्ट आवरणाचा आधार असतो. सॅफेनस नीला मात्र त्वचेखालच्या मऊ चरबीतून जाते आणि तिथे तिला बाहेरून आवळून धरणारे फारसे काही नसते. तिला स्वतःच्या भिंतीवरच भिस्त ठेवावी लागते, म्हणून तिच्या मधल्या थरात एवढा स्नायू आढळतो. उलट उदाहरण हवे असेल तर फुप्फुस रोहिणी पाहा. नावाने ती रोहिणी आहे, पण तिच्यातील सरासरी दाब १५ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो, आणि म्हणून तिची भिंत महारोहिणीपेक्षा कितीतरी पातळ असते.

मग ओळखायचे कसे? जाडी बाजूला ठेवा आणि रचनेकडे, म्हणजे भिंतीत काय कोणत्या क्रमाने मांडले आहे त्याकडे पाहा. स्नायुमय रोहिणीत आतला थर, म्हणजे इंटिमा, जिथे संपतो तिथे लवचीक तंतूंचे एक ठळक, चकाकणारे, नागमोडी पटल असते. त्यालाच आपण इंटरनल इलास्टिक लॅमिना म्हणतो. त्याच्या बाहेर मीडियातील, म्हणजे मधल्या थरातील, स्नायुपेशी पोकळीभोवती वर्तुळाकार, एकमेकींना खेटून, जवळजवळ शिस्तीने बसलेल्या असतात. मोठ्या रोहिणीत असे ४० पर्यंत थर भरतात. सॅफेनस नीलेत स्नायू असतो, पण ही शिस्त नसते. स्नायूंचे जुडगे असतात, जुडग्यांच्या मधून कोलॅजेनचे पांढरट-गुलाबी पट्टे घुसलेले असतात, काही जुडगे वर्तुळाकार तर काही वाहिनीच्या लांबीला समांतर असतात. आडव्या छेदात हे लांबीला समांतर असलेले स्नायू पट्ट्यांसारखे दिसत नाहीत, तर ठिपक्यांच्या घोसासारखे दिसतात, कारण प्रत्येक पेशी आडवी कापली गेलेली असते. वर्तुळाकार पट्टे आणि आडवे कापलेले घोस एकाच भिंतीत शेजारी शेजारी दिसले, तर हातातली लेखणी थांबवा आणि नीलेचा विचार करा. शेवटी बाहेरचा थर पाहा. नीलांमध्ये ॲडव्हेंटिशिया हाच बहुधा सर्वांत जाड थर असतो. अधोमहानीलेत तर याच बाहेरच्या थरात लांबीच्या दिशेने जाणारे स्नायूंचे मोठे जुडगे असतात.

महारोहिणीबद्दल थोडे सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ताण आणि रचना यांचे नाते तिथे आकड्यांत दिसते. माणसाच्या महारोहिणीच्या मीडियात लवचीक पटलांचे ४० ते ७० पदर असतात, आणि दोन पदरांमध्ये स्नायुपेशी व कोलॅजेन असते. वोलिन्स्की आणि ग्लागोव्ह या संशोधकांनी १९६७ साली उंदरापासून डुकरिणीपर्यंत १० सस्तन प्राण्यांच्या महारोहिण्या तपासल्या. प्राणी जितका मोठा, महारोहिणी जितकी रुंद, तितके पदर अधिक, परंतु एका पदराच्या वाट्याला येणारा ताण जवळपास सारखाच, असे त्यांना आढळले. उंदराच्या आणि डुकराच्या वजनात हजारो पटींचा फरक आहे, तरी एका पदरावरचा भार फारसा बदलत नाही, हे मला आजही विलक्षण वाटते. साधारण २९ पेक्षा अधिक पदर झाले की आतल्या रक्तातून झिरपणारा प्राणवायू मीडियाला पुरत नाही आणि भिंतीत तिच्या स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्या शिरलेल्या दिसतात, हेही याच दोघांनी दाखवले.

पुर्किंजे तंतूंविषयी येथे मेणठोकळा लिहितील तर बरे, हृदयाचे छेद त्यांनी माझ्यापेक्षा जास्त कापले आहेत.

मेणठोकळा यांचे उत्तर

मी विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. काचपट्टी विद्यार्थ्यापर्यंत पोहोचण्याआधी तिचे काय काय होते ते माहीत असेल, तर ओळखण्यातल्या निम्म्या अडचणी कमी होतात, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

रोहिणीतले ते नागमोडी पटल जिवंत शरीरात इतके नागमोडी नसते. आतून रक्ताचा दाब असतो तोवर ते ताणलेले राहते. वाहिनी शरीराबाहेर काढली की दाब जातो, मधल्या थराचा स्नायू आवळतो आणि ते पटल चुण्या पडल्यासारखे दुमडते. दाब देऊन वाहिनीत फॉर्मॅलिन सोडले आणि ती ताणलेल्या स्थितीतच पक्की केली, तर तेच पटल बरेच सरळ दिसते. म्हणजे तुम्हाला दिसणारी नागमोड ही वाहिनी रिकामी झाल्याची खूण आहे. याच कारणाने नीला चपटलेल्या दिसतात. दाब गेला की त्यांच्या सैल भिंती एकमेकींवर पडतात. सॅफेनस नीलेची भिंत जाड असल्यामुळे ती मात्र कापल्यावरही गोल राहू शकते, आणि म्हणून 'गोल म्हणजे रोहिणी' ही खूणही तुमच्या बाबतीत फसली.

दुसरे म्हणजे रंग. हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या रंगांमध्ये स्नायू गुलाबी, कोलॅजेन गुलाबी आणि लवचीक तंतूही गुलाबीच. नवख्या डोळ्यांना हे तिन्ही वेगळे काढणे अवघड जाते आणि त्यात त्यांचा दोष नाही. व्हेरहोफ-व्हान गीसन पद्धतीने रंगवलेली काचपट्टी तुमच्या विभागात असेल, तर ती मागून घ्या. तिच्यात लवचीक तंतू काळे, कोलॅजेन लाल आणि स्नायू पिवळसर दिसतो. ही पद्धत हातावर अवलंबून असते. आधी सगळा छेद काळाकुट्ट होतो, मग फेरिक क्लोराइडच्या पातळ द्रावणात तो थोडा थोडा उतरवायचा, मध्येच पाण्यात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, आणि तंतू काळे राहून मागची जमीन करडी झाली की तिथेच थांबायचे. काही सेकंद जास्त झाले तर बारीक तंतू रंग सोडतात आणि रोहिणीचे पटलही तुटक दिसू लागते. या पद्धतीने रंगवलेल्या छेदात सलग काळी नागमोडी रेघ दिसली तर ती रोहिणी, नाही दिसली तर नीला, असे मी माझ्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना सांगतो.

आता पुर्किंजे तंतू. १८३९ साली पुर्किंजे यांनी ते प्रथम वर्णन केले तेव्हा मेंढीचे हृदय पाहिले होते. शेळ्या-मेंढ्यांमध्ये हे तंतू माणसापेक्षा खूपच ठळक असतात. आमच्या विभागात विद्यार्थ्यांसाठी छेद करायचे असतील तेव्हा मी मटणाच्या दुकानातून बकऱ्याचे ताजे हृदय आणतो. डावा निलय उभा चिरून उघडला आणि स्वच्छ पाण्याने रक्त धुतले की आतले अस्तर ओल्या रेशमासारखे चमकते. ते खिडकीकडे तिरपे धरले तर त्या अस्तराखाली फिकट करड्या रेषांचे एक विरळ जाळे डोळ्यांनाही जाणवते. त्या भागाचा तुकडा घेऊन मी छेद करतो.

चरबी आणि पुर्किंजे पेशी यांत फरक असा आहे. नेहमीच्या प्रक्रियेत चरबीपेशीतला मेद अल्कोहोल आणि झायलीनमध्ये विरघळून जातो, त्यामुळे तिथे एक पांढरे, रिकामे कडे उरते आणि केंद्रक कडेला चेपलेले असते. पुर्किंजे पेशी फिकट असते, पण रिकामी नसते. तिच्या मध्यावर एक, क्वचित दोन केंद्रके असतात, त्यांच्याभोवती ग्लायकोजेनमुळे उजळ दिसणारी जागा असते आणि आकुंचनाचे तंतुक विरळपणे पेशीच्या कडेला गेलेले असतात. म्हणजे केंद्रक कुठे आहे हे आधी पाहा: कडेला असेल तर चरबी, मध्यात असेल तर पुर्किंजे. शेजारच्या सामान्य हृद्स्नायूच्या पेशींपेक्षा ती रुंद असते, आणि तिचे स्थान अंतर्हृद्स्तराच्या, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराच्या, लगेच खाली असते.

साध्या हृद्स्नायूतल्या आडव्या गडद रेघा, म्हणजे इंटरकॅलेटेड डिस्क, दिसत नसतील तर आयरिस डायफ्रॅम, म्हणजे सूक्ष्मदर्शकातला प्रकाश कमी-जास्त करणारा पडदा, थोडा बंद करा. प्रकाश कमी झाला की रेघा उठून दिसतात. फार प्रकाशात त्या हरवतात.

नवशिकी यांचा प्रतिसाद

काचपट्टी आणि मेणठोकळा, दोघांचेही मनापासून आभार. आज दुपारी प्रात्यक्षिकाची वेळ संपल्यावर परवानगी घेऊन मी तीच काचपट्टी पुन्हा पाहिली. लहान भिंगाखाली ती आजही रोहिणीच वाटली. मोठे भिंग लावल्यावर मात्र पोकळीच्या बाजूला स्नायूंचे ठिपक्यांसारखे घोस दिसले आणि त्यांच्या बाहेर वर्तुळाकार पट्टे. घोसांच्या मधून फिकट गुलाबी कोलॅजेन आत येत होते. सलग नागमोडी पटल कुठेच सापडले नाही, एक-दोन ठिकाणी तुटक चमक होती. चाचणीच्या दिवशी हे सगळे तिथेच होते, मी फक्त मोठे भिंग लावले नव्हते.

हृदयाच्या काचपट्टीत पेशींच्या मध्यावरची केंद्रकेही दिसली. माझी एक शंका उरली आहे. सलग पटल असेल तर रोहिणी आणि नसेल तर नीला, हा नियम मी सगळीकडे लावू का?

काचपट्टी यांचे उत्तर

नाही, सगळीकडे लावू नका. मेणठोकळा यांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे, परंतु त्यांचे ते वाक्य थोडे आवरायला हवे. तुमच्याच संग्रहात नाळेची काचपट्टी असेल, ती पाहा. नाळेत दोन रोहिण्या आणि एक नीला असते. या रोहिण्यांमध्ये ठळक इंटरनल इलास्टिक लॅमिना नसते, आणि त्या एकुलत्या नीलेत मात्र ती असते. मेंदूतल्या रोहिण्यांमध्ये आतले पटल चांगले असते, पण बाहेरचे पटल नसते. आणि सर्वांत लहान रोहिणिकांमध्ये स्नायूचे एक-दोनच थर उरतात, तिथे पटल जवळजवळ दिसेनासे होते.

जमेल तिथे वाहिनी एकटी पाहू नका. शरीरात बहुतेक ठिकाणी रोहिणी, तिची सोबतीण नीला आणि चेता एकाच गाठोड्यात जातात. एकाच क्षेत्रात दोघी शेजारी असतील तर तुलना आपोआप होते. चाचणीत मात्र बहुधा एकच वाहिनी लावलेली असते, म्हणून आधी तीन थरांची मांडणी, मग पटल, मग ॲडव्हेंटिशिया, आणि जाडी सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवा.

मेणठोकळा यांचा प्रतिसाद

काचपट्टी यांची दुरुस्ती मान्य आहे. नाळेचे छेद मी स्वतः अनेकदा केले आहेत, तरी लिहिताना ते ध्यानात आले नाही. नव्या मुलांनाही यापुढे नाळेचा अपवाद सांगूनच शिकवीन.

उजवी_बाजू यांचे उत्तर

मी हृदयशस्त्रक्रिया विभागात काम करतो. चर्चा उशिरा वाचली, परंतु ज्या नीलेवरून ती सुरू झाली ती माझ्या रोजच्या कामातली आहे, म्हणून लिहितो.

सॅफेनस नीलेची ही जाड, स्नायुमय भिंतच तिला बायपास शस्त्रक्रियेत उपयोगी ठरवते. शल्यविशारद रेने फावालोरो यांनी १९६७ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे ही नीला हृदयाच्या रोहिणीला जोडण्याची पद्धत सुरू केली आणि ती आजही वापरली जाते. पायातून काढलेली नीला आम्ही उलटी करून जोडतो, कारण तिच्यातल्या झडपा रक्ताला हृदयाच्याच दिशेने जाऊ देतात आणि सुलटी जोडली तर त्या प्रवाह अडवतील. हातात घेतल्यावर तिची भिंत बोटांना भरीव लागते. इतर नीला अशा लागत नाहीत.

पण ती रोहिणी नाही, हे पुढच्या काही वर्षांत दिसून येते. उभ्या माणसाच्या घोट्यात तिने ९० मिलिमीटर पाऱ्याचा दाब सोसला, तरी तो स्थिर होता आणि चालायला लागताच उतरत होता. आता तिला प्रत्येक ठोक्याला उसळणारा दाब अहोरात्र सोसावा लागतो. मीडियातल्या स्नायुपेशी इंटिमाकडे सरकतात, तिथे वाढतात आणि आतला थर जाड होत जातो. पुढे त्यात मेदही साचतो. १० वर्षांनंतर अशा जोडलेल्या नीलांपैकी बऱ्याच बंद झालेल्या असतात. याउलट छातीच्या आतल्या बाजूची इंटरनल थोरॅसिक रोहिणी याच कामासाठी वापरली, तर १० वर्षांनंतरही दहातल्या साधारण नऊ उघड्या राहतात. त्यामागे अनेक कारणे आहेत, पण एक कारण तुमच्या काचपट्टीशी थेट जोडलेले आहे. त्या रोहिणीत इंटरनल इलास्टिक लॅमिना सलग आणि भरीव असते, तिला छिद्रे फार कमी असतात, आणि त्यामुळे मीडियातल्या पेशींना इंटिमात शिरायला वाट सहज मिळत नाही. तुम्ही ज्या नागमोडी रेघेचा शोध घेत होता, तिच्या असण्या-नसण्यावर रुग्णाची पुढची काही वर्षे थोडीफार अवलंबून असतात.

पुर्किंजे तंतूंविषयीही एक गोष्ट जोडतो. पुर्किंजे यांना ते दिसले, पण त्यांचे काम कळले नव्हते. जर्मनीतील मारबुर्ग येथे विकृतिशास्त्रज्ञ आशॉफ यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सुनाओ तावारा यांनी १९०६ साली हे तंतू एकसंध विद्युत्वहन यंत्रणेचा शेवटचा भाग आहेत हे दाखवले, आणि अलिंद-निलय गाठीचे स्थानही सांगितले. या पेशींमध्ये आकुंचनाचे तंतुक कमी का, याचे उत्तर त्यांच्या कामात आहे. ओढण्यापेक्षा वाहून नेणे हे त्यांचे काम आहे. साध्या निलयस्नायूतून विद्युत्संदेश सेकंदाला फार तर १ मीटर वेगाने जातो, तर पुर्किंजे तंतूंतून तो २ ते ४ मीटर जातो, आणि रुंद पेशींचा त्यात मोठा वाटा आहे.

हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या काचपट्ट्या तुम्ही दुसऱ्या वर्षात पाहाल. तेव्हा अंतर्हृद्स्तराच्या लगेच खालची एक अरुंद पट्टी मुद्दाम पाहा. भिंतीचा आतला मोठा भाग मृत झालेला असतो, केंद्रके नाहीशी झालेली असतात, तरी त्या अस्तराखाली सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचा स्नायू अनेकदा जिवंत असतो, कारण निलयाच्या पोकळीतल्या रक्तातून झिरपणारा प्राणवायू त्याला पुरतो. पुर्किंजे तंतू याच पट्टीत असतात.